आधी हाड हातात, मग नाव

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या प्रश्नाला हे उत्तर आहे. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: "मी पेडणे तालुक्यातली. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत, पुढे इंग्रजीतून. बारावीपर्यंत पाठांतराच्या जोरावर कायम वरच्या नंबरात. इथे मात्र ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, पाठच होत नाही. रात्री केलेलं सकाळी गेलेलं असतं. कॉलेजच्या पहिल्या इंटर्नल परीक्षेला नापास झाले. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाड हातात देऊन डावं की उजवं एवढंच विचारलं, तेही आलं नाही. माझी स्मरणशक्ती कमी पडते का? मराठी शाळेचा परिणाम असेल का? आई फोनवर विचारते, आज काय शिकलीस, तर तिलाही काही सांगता येत नाही. सोडून द्यावं का?"

मी ३१ वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲनाटॉमी शिकवली, आता निवृत्त आहे. तुझ्या वयाच्या मुलांना तू म्हणायचीच सवय, म्हणून तुलाही तू म्हणते.

स्मरणशक्ती कमी नाही. मराठी शाळेचा दोष तर मुळीच नाही. आणि एका इंटर्नलवरून सोडायचा विचारही करू नकोस. पण "अजून जोर लावून पाठ कर" असंही मी सांगणार नाही, कारण अडचण तिथे नाहीच. तुझा क्रम उलटा झालाय. तू आधी नावं पाठ करतेस आणि मग ती शरीरावर नेऊन चिकटवायला बघतेस. नाव ज्या वस्तूचं आहे ती वस्तू हाताला माहीत नसेल तर नाव टिकणार कशाला? बारावीत चालून गेलं, कारण तिथे प्रश्नही कागदावर आणि उत्तरही कागदावर होतं.

माझंही असंच झालं होतं. ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं, चित्र मी डोळे मिटून काढायचे, मुळं, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड, सगळं. परीक्षेत मला देह ठेवलेल्या टेबलापाशी नेलं, काखेतला एक पांढरा दोरा चिमट्यात उचलला आणि विचारलं, हा कोणता? मला सांगता आलं नाही. माझ्या डोक्यातलं चित्र सरळ रेघांचं होतं, आणि समोर चरबीत गुंतलेले, एकसारखे दिसणारे दोरे. नंतर एका डेमॉन्स्ट्रेटर बाईंनी मला पुन्हा त्याच टेबलाशी उभं केलं. म्हणाल्या, नावं विसर, आधी धमनी शोध, बोटाने दाबून बघ, नळीसारखी लागते. आता तिला दोन्ही बाजूंनी मिठी मारणारी दोन मुळं बघ. ती जिथे एकत्र येतात ती मीडियन नर्व्ह. तिच्या एका अंगाला मस्क्युलोक्युटेनियस, दुसऱ्या अंगाला अल्नर, आणि सगळं मिळून धमनीवर इंग्रजी एम अक्षर पसरलेलं. पाच मिनिटांचं काम होतं. आज चाळीसहून जास्त वर्षं झाली, ते एम मी विसरलेले नाही.

आता तुझ्या हाडाकडे येऊ. कोणतं हाड होतं ते तू लिहिलं नाहीस. मी क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, धरते, कारण वरच्या हातापासून सुरुवात झाली की पहिल्या व्हायव्हात बहुतेकदा तेच पुढे येतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की आतलं टोक जाड, बाहेरचं चपटं, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, खालच्या बाजूला एक लांबट खाच. हे चार मुद्दे पाठ करून हातातल्या हाडावर शोधायला गेलीस तर घाबरल्यावर एखादा निसटतोच.

त्याऐवजी असं कर. तर्जनी गळ्याच्या खळग्यात ठेव आणि हळूहळू खांद्याकडे सरकव. आधी बोटाला जाड गाठ लागेल. मग हाड पुढे येतं, बोटही पुढे जातं. अर्ध्याहून जास्त अंतर गेल्यावर ते मागे वळतं, आणि खांद्यापाशी पोचेपर्यंत बोटाखाली चपटं होतं. हा रस्ता दहा वेळा चाल, अंघोळीच्या वेळी, बसमध्ये, कुठेही. मग बोन सेटमधलं हाड घे आणि स्वतःच्या गळ्याखाली धर. जाड टोक आत, फुगवटा पुढे, खाच खाली. या तीन गोष्टी एकाच वेळी एकाच बाजूला जुळतात. दुसऱ्या बाजूला धरलंस की तिन्हीतली एक तरी उलटी पडतेच. म्हणजे डावं की उजवं हे आठवायची गोष्टच उरत नाही, ते लावून बघायचं. व्हायव्हात हाड असं स्वतःच्या अंगाला लावून बघितलंस तर कुठलाही शहाणा परीक्षक रागावणार नाही. मी तर अशा मुलाला मनातल्या मनात लगेच दोन मार्क द्यायचे.

आणखी एक कर. त्या हाडावर बोट ठेवून हात कानापर्यंत वर उचल. हाड बोटाखाली स्वतःभोवती फिरताना जाणवेल. क्लॅव्हिकल या शब्दाचा मूळ अर्थ लहान किल्ली. कुलपात किल्ली फिरावी तसंच ते फिरतं. हाताला धडाशी हाडाने जोडणारा हा एकच दुवा आहे. म्हणून पावसात स्कूटर घसरली आणि माणूस हातावर पडला की धक्का या हाडातून धडाकडे जातो, आणि ते मोडतं बहुधा त्या वळणाशी, जिथे तुझं बोट पुढून मागे वळलं होतं. उद्या कॅज्युअल्टीत असा रुग्ण आला तर पुस्तकाचं पान आठवत बसायला वेळ नसेल. बोटाला मात्र ते वळण माहीत असेल.

मी एवढ्या आग्रहाने हे सांगते त्याला कारण आहे. तुझी चूक एकट्या तुझी नाही. या शास्त्राने स्वतः तेराशे वर्षं तीच केली. दुसऱ्या शतकातला गॅलेन मोठा वैद्य होता, पण त्याला माणसाचं शरीर फाडून बघता येत नव्हतं. त्याने माकडं आणि डुकरं फाडली आणि तिथे दिसलं ते माणसाला लावलं. पुढे युरोपात वर्गात त्याचा ग्रंथ वाचला जायचा, खाली एखादा न्हावी देह फाडायचा, आणि प्राध्यापक उंच खुर्चीवरून उतरत नसे. ग्रंथात खालचा जबडा दोन हाडांचा म्हटलेला, म्हणून सगळे दोन हाडांचा म्हणायचे. आंद्रेआस व्हेसालियस खुर्चीवरून उतरला, सुरी स्वतः हातात घेतली, आणि माणसाचा जबडा एकाच हाडाचा आहे असं म्हणाला. १५४३ मध्ये त्याचा सचित्र ग्रंथ बाझेलला छापून निघाला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याचाच एक जुना गुरू, सिल्व्हियस, इतका चिडला की गॅलेन चुकला हे मान्य करण्याऐवजी म्हणाला, गॅलेननंतर माणसाचं शरीरच बदललं असणार. समोरच्या हाडापेक्षा पाठ केलेलं वाक्य खरं मानायची सवय किती खोल जाते बघ.

आपल्याकडे सुश्रुताने हे फार आधी ओळखलं होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थान या भागात तो सांगतो की मृतदेह गवतात आणि सालीत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचीने हळूहळू खरवडत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी बघावा. डोळ्यांनी बघितलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, असं तो स्पष्ट म्हणतो. पुढे आपल्याकडे ही पद्धत सुटली. कलकत्त्याला १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी देहाला सुरी लावली तेव्हा त्याला केवढं धैर्य लागलं असेल याची आज कल्पना करणंही कठीण आहे. तू पहिल्या दिवशी देहापुढे शपथ घेतली असशील. त्या टेबलावरच्या माणसाने स्वतःहून किंवा त्याच्या घरच्यांनी त्याच्या वतीने जे दिलंय, ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. पुस्तकात चित्र एकच असतं. टेबलावरच्या देहात एखादी धमनी भलत्याच ठिकाणाहून निघालेली असते, आणि तेच खरं असतं.

हे स्वतःच्या घरातही बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना लाव आणि मनगट थोडं वाकव. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. तो पामॅरिस लॉंगस या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक. काही जणांच्या एका हाताला तो नसतोच, काहींच्या दोन्ही हातांना नसतो, आणि त्यांचं काही अडत नाही. सुटीला गेलीस की घरातल्या सगळ्यांचे हात तपास. ज्याच्या हाताला तो नसेल त्याच्यामुळे तो स्नायू तुझ्या कायमचा लक्षात राहील.

आता नावांबद्दल. नावं लागतातच, त्यातून सुटका नाही. पण ती कशी लक्षात ठेवायची, हे मी एका चित्रकाराकडून शिकले. वर्गात मी हा भाग नेहमी सांगायचे, म्हणून इथेही सांगते.

ग्रेचं ॲनाटॉमीचं पुस्तक लंडनमध्ये १८५८ मध्ये निघालं. मजकूर हेन्री ग्रेचा. ३६३ चित्रं होती, ती काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाच्या तरुण डॉक्टरने. लाकडी ठोकळ्यांवर कोरून ती छापली जायची, म्हणजे ठोकळ्यावर सगळं आरशातल्यासारखं उलटं. ज्या माणसाला डाव्या-उजव्याचा एवढा सराव होता, त्याच्या चित्रांकडे नीट बघ. इतर पुस्तकांत अवयवापासून रेघ निघते, रेघेच्या टोकाला आकडा किंवा अक्षर, आणि नाव कुठेतरी खाली यादीत. डोळा वर-खाली धावत राहतो आणि नाव वस्तूपासून तुटतं. कार्टरने बरीच नावं थेट त्या वस्तूवरच लिहिली. धमनी जशी वळते तसं तिचं नाव वळतं. स्नायूचं नाव स्नायूच्या धाग्यांवर. बघणं आणि वाचणं एकाच ठिकाणी होतं.

हा कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली, पुढे साताऱ्याला बरीच वर्षं सिव्हिल सर्जन होता, आणि शेवटी ग्रँटचा प्राचार्य झाला. कुष्ठरोगावर त्याने मोठं काम केलं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती तिथून जाणारी अल्नर नर्व्ह. कुष्ठरोगात ती जाड होते, त्वचेखाली दोरखंडासारखी बोटाला लागते. ज्याने निरोगी माणसातल्या नसा इतक्या बारकाईने रेखाटल्या होत्या, तोच पुढे आपल्याकडच्या रुग्णांच्या बिघडलेल्या नसा अभ्यासत होता. ग्रे १८६१ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, देवीच्या रोगाने गेला. पुस्तक मात्र आजही ग्रेच्याच नावाने ओळखलं जातं. कार्टरचं नाव माझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असायचं, एवढं मी पाहिलं.

तर तूही कार्टरसारखं कर. चित्र सुंदर यायची गरज नाही. एक कोरी वही घे. टेबलावर जे बघितलंस ते त्याच संध्याकाळी, पुस्तक न उघडता, काढ. रेघा ओढून बाजूला नावं लिहू नकोस. नाव वस्तूच्या अंगावर लिही, ती जशी जाते तसं. जिथे हात अडेल तिथे मोकळी जागा सोड आणि मगच पुस्तक उघड. दुसऱ्या दिवशी टेबलाशी जाऊन आधी ती मोकळी जागा बघ. माझ्या अनुभवात एका भागाला असे तीन फेरे पुरतात. काहींना पाच लागतात. तुझ्या टेबलाभोवती किती मुलं असतात आणि चिमटा तुझ्या हातात किती वेळा येतो, यावरही ते ठरेल. मागच्या रांगेत उभी राहात असशील तर उद्यापासून पुढे ये. संकोच वाटत असेल तर हॉल उघडल्या उघडल्या जा. पहिली दहा मिनिटं टेबल रिकामं असतं.

आणि मराठी शाळेचं म्हणशील तर ती तुझी जमेची बाजू आहे. लॅटिन नावं पर्वतासारखी वाटतात, पण ती ठेवणारी माणसं समोर दिसेल तेच सांगत होती. पटेला म्हणजे लहान थाळी. आपण त्याच हाडाला गुडघ्याची वाटी म्हणतो. कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. कॉक्सिक्स हा शब्द कोकिळेवरून आला, तिच्या चोचीसारखं टोक म्हणून. कानातली तीन हाडं म्हणजे हातोडा, ऐरण आणि रिकीब. फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस म्हणजे बोटं वाकवणारा, खोलातला. लॅटिसिमस डॉर्साय म्हणजे पाठीवरचा सगळ्यात रुंद. वहीत प्रत्येक नावाखाली त्याचा मराठी अर्थ लिही. लांबलचक नाव मग एक वाक्य होतं, आणि वाक्य लक्षात राहतं. आपल्या गोव्यात १८४२ पासून पोर्तुगीज वैद्यकीय शाळा होती, तीच १९६३ मध्ये गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, झाली. तिथली मुलं शंभरहून जास्त वर्षं घरी कोकणी-मराठी बोलत आणि वर्गात पोर्तुगीजमधून हाच विषय शिकत. त्यांचं अडलं नाही, तुझंही अडणार नाही.

समजून घ्यायच्या बाबतीतही घरचं उदाहरण पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं. हृदयातल्या आणि शिरांतल्या झडपा कशा उघडतात, हे मुलांना कळत नसे. त्यांना वाटायचं, झडपेला स्वतःचा स्नायू असेल, तो दार ओढत असेल. माझं माहेर फोंडा तालुक्यात, खाजणाच्या काठी, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतांपाशी. खाजणाच्या बांधात मानस असते, तू पेडण्याकडे पाहिली असशील. भरती चढली की नदीचं पाणीच मानशीची लाकडी दारं दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की शेताकडचं पाणी तीच दारं ढकलून उघडतं. तिथे माणूस उभा नसतो. झडपेचंही तेच. ज्या बाजूला दाब जास्त, त्यावर दार ठरतं. हृदयातल्या मोठ्या झडपांना जे दोरे आणि स्नायू असतात ते दार उघडायला नसतात, दार उलट्या बाजूला फिरू नये म्हणून धरून ठेवायला असतात.

शिरांतल्या झडपा इटलीत पादुआला फॅब्रिशियस दाखवायचा, पण त्याला वाटायचं की रक्त हातापायांत साचू नये म्हणून त्या आहेत. त्याच्याकडे शिकलेल्या विल्यम हार्वीने विचारलं, दार एकाच बाजूला उघडतं तर रक्त एकाच दिशेला जात असणार ना? १६२८ च्या त्याच्या पुस्तकात जो प्रयोग आहे तो आजही होस्टेलच्या खोलीत करता येतो. मैत्रिणीच्या दंडाला रुमाल बेताने बांध, फार घट्ट नको. हाताच्या शिरा फुगतील आणि मधे मधे गाठी दिसतील. त्या झडपा. एका शिरेवर खाली बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त वरच्या गाठीच्या पलीकडे सारून दे. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त मागे येत नाही. खालचं बोट उचल, क्षणात भरतो. लगेच रुमाल सोड. हे एकदा केल्यावर रक्ताभिसरणाचा धडा पाठ करायला काही उरत नाही.

आता जे मला इथून कळू शकत नाही ते. झोप किती मिळते, घरची आठवण किती येते, जेवण जातं का, रडू येतं का, हे तू लिहिलं नाहीस. रडू फक्त व्हायव्हात येत असेल तर सरावाने जाईल. रोज रात्री मैत्रिणीला हाड द्यायला सांग, उभं राहून मोठ्याने उत्तर दे, चुकलीस तरी थांबू नकोस. पण रोजच रडू येत असेल, झोप लागत नसेल, तर हा ॲनाटॉमीचा प्रश्न नाही. तेव्हा विश्वासातल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना भेट, लगेच. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. मी ज्या हुशार मुलांना गमावलं, ती अभ्यासात कमी पडली म्हणून नाही, वेळेवर कुणाला सांगितलं नाही म्हणून.

वेळेचंही बघ. पुढची इंटर्नल दोन आठवड्यांवर असेल तर सगळा वरचा हात या पद्धतीने होणार नाही. मग हाडं, काख आणि कोपर एवढंच नीट कर, बाकी वरवर वाच. दोन महिने हातात असतील तर सगळं होईल.

आईला काय सांगायचं, हे तू शेवटी सहज लिहिलंयस, पण मला तोच सगळ्यात चांगला अभ्यास वाटतो. फोनवर नको, घरी गेलीस की. आई आदोळीवर नारळ खवायला बसली की तिच्या शेजारी बस. करवंटी फिरवताना तिचं मनगट आत-बाहेर वळतं ते बघ. तिच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलंय, त्याच्या जरा खाली बोट ठेव आणि तिला म्हण, फिरव आता. बोटाखाली एक छोटं गोल हाड चाकासारखं फिरेल. ते रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, डोकं. करंगळीच्या बाजूचं अल्ना जागेवर राहतं आणि रेडियस त्याच्यावरून आडवं जातं, म्हणून तळहात उपडा होतो. हे तिला मराठीत सांग, तिला कळेपर्यंत सांग. ती काहीतरी विचारेलच, आणि तिचा प्रश्न परीक्षकाच्या प्रश्नापेक्षा अवघड असण्याची शक्यता जास्त.

परत आलीस की दंडातलं ह्युमरस, रेडियस आणि अल्ना या तिन्ही हाडांची बाजू क्लॅव्हिकलसारखीच स्वतःच्या हाताला लावून ओळख. खांद्यामागचं स्कॅप्युला त्यांच्यानंतर घे, आणि मनगटातली आठ लहान हाडं सगळ्यात शेवटी. ती सुटी घेऊन पाठ करू नकोस. हाडं तारेत ओवून जोडलेला हात मागून घे, आणि आधी तुझ्याच तळहातावर, करंगळीच्या बाजूला मनगटाच्या घडीपाशी जो टणक मणी लागतो, तो दाबून बघ. ते पिसिफॉर्म. तिथून सुरू कर.